अर्धा ब्रश, अख्खी चादर: सोलापूरकरांनी ट्रेकची बॅग हलकी कशी करायची

अल्ट्रालाईट ट्रेकिंग, म्हणजे पाठीवरचं ओझं होईल तेवढं कमी करून चालणं, म्हणलं की सगळ्यात आधी टूथब्रशचाच विषय निघतो. अमेरिकेत पाच-पाच महिने डोंगरातनं चालणारे लोक आहेत, त्यातले काही जण वजन वाचवायला ब्रशची दांडी अर्ध्यात कापून टाकतात. आमच्या ग्रुपमधल्या एकानं हे कुठंतरी बघितलं आणि खरंच हॅक्सॉ ब्लेडनं ब्रश कापला, आता कापला तर कापला पण वाचलं किती ते घरातला किचनचा काटा काय नीट दाखवेना, मग आम्ही दोघं तो दांडीचा तुकडा घेऊन ओळखीच्या सराफाकडं गेलो. काकांनी आधी चष्मा वर करून आमच्याकडं बघितलं, मग काचेच्या पेटीतला काटा पुसला, चिमट्यानं तुकडा ठेवला, वारा लागू नये म्हणून पेटीचं दार सरकवलं. सात ग्रॅम एकशेवीस मिलीग्रॅम. "सोन्याचा असता तर चहा मागवला असता बे," म्हणाले, आणि मागवला पण.

त्याच संध्याकाळी त्याच पोराची अख्खी बॅग रिकामी केली आणि एक एक वस्तू लगेज काट्याला लटकवून मोजली. आईनं आग्रहानं घातलेली डबल सोलापुरी चादर निघाली एक किलो सातशे चाळीस ग्रॅम. म्हणजे ती चादर घरी ठेवली असती तर जवळजवळ अडीचशे ब्रश कापल्याएवढं वजन एका फटक्यात कमी. तेव्हापासनं मी नवीन पोरांना हेच सांगतो, की बारक्या वस्तूंच्या मागं लागू नका, ज्या चार मोठ्या वस्तू आपण न बघता उचलतो तिथं किलो-किलो बसलेले असतात, आणि बॅग हलकी करायला जे लागतं त्यातलं निम्मं सोलापुरात घराघरात आधीपासनं पडून आहे, ते विकत घ्यायची गरजच नाही.

आपल्याला हलक्या बॅगेची गरज पुण्या-मुंबईवाल्यांपेक्षा जास्त आहे असं माझं ठाम मत आहे. पुण्याचा माणूस सकाळी गाडी काढतो आणि नाष्ट्याच्या टायमाला राजगडाच्या पायथ्याला असतो. आपण रात्रीची एसटी नाहीतर पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस, पुण्यात उतरून स्वारगेट, तिथनं दुसरी गाडी, मग जीप, म्हणजे चढ सुरू व्हायच्या आधीच ती बॅग सात-आठ तास कधी खांद्यावर कधी मांडीवर कधी पायात. आणि आपलं गाव सपाट, पायाला चढाची सवय नाही, त्यात जादाचे पाच किलो म्हणजे पहिल्या तासातच जीव वर येतो.

तर आधी काटा घ्या. हुकवाला लगेज काटा चारपाचशे रुपयाच्या आत मिळतो आणि बारक्या वस्तूंना किचनचा डिजिटल काटा पुरतो, सराफापर्यंत जायची गरज नाही. सगळं सामान सतरंजीवर पसरा, प्रत्येक वस्तू मोजा, वहीत नाहीतर मोबाईलवर लिहा. अंदाजानं लिहू नका, अंदाज हमखास चुकतो, मला जीन्स चारशे ग्रॅमची वाटायची ती सातशेला दहा कमी निघाली. खाणं, पाणी आणि इंधन सोडून बाकी पाठीवर जे काही राहतं त्याला बेस वेट म्हणतात, कारण खाणं-पाणी रोज कमी होत जातं आणि बाकीचं सगळं शेवटपर्यंत तेवढंच राहतं. तिकडं अमेरिकेत दहा पाऊंडाच्या म्हणजे साधारण ४.५ किलोच्या खाली बेस वेट आला की अल्ट्रालाईट, आणि पाच पाऊंडाच्या म्हणजे सव्वादोन किलोच्या खाली गेला की सुपर अल्ट्रालाईट. माझा पहिला आकडा साडेनऊ किलोचा होता, दोन दिवसाच्या ट्रेकला.

आता ते लोक एवढं टोकाला का जातात हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर नुसतं हसून सोडून देतो आपण. त्यांची अ‍ॅपलॅशियन ट्रेल ही डोंगरातली पायवाट साधारण ३,५०० किलोमीटरची आहे, पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ४,२०० च्या वर. एवढं अंतर एका दमात चालायचं म्हणजे लाखो पावलं, आणि पाठीवरचा प्रत्येक ग्रॅम प्रत्येक पावलाला उचलायचा. तिथं माणूस कपड्याची लेबलं कात्रीनं कापतो, नकाशाच्या कडेचा कोरा कागद कापतो, प्लॅस्टिकच्या चमच्याला भोकं पाडतो, टूथपेस्टचे बारके ठिपके प्लॅस्टिकवर काढून दोनतीन दिवस वाळवतो आणि गोळ्यांसारखे पुडीत भरून नेतो. हे शेवटचं मी आमच्या वडलांना सांगितलं तर ते उठून मोरीत गेले आणि दंतमंजनाची डबी आणून समोर ठेवली. बरोबरच आहे, चार दिवसाचं मंजन कागदाच्या पुडीत पाच ग्रॅममध्ये बसतं, वाळवायची भानगड नाही, ब्रश पण नको, बोट आहे.

अजून एक गंमत म्हणजे टॉयलेट पेपरचं वजन वाचवायला तिकडचे अल्ट्रालाईटवाले आता बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून पाण्यानं धुवायला शिकलेत, त्यासाठी बाटलीला लावायची खास बारकी तोटी विकत मिळते, ग्रॅममध्ये वजन लिहिलेली. आपण तर टमरेलवालेच, पाण्याची जुनी अर्ध्या लिटरची बाटली एक वेगळी ठेवा, तिच्यावर मार्करनं मोठी फुली मारा म्हणजे कुणी चुकून पिणार नाही, झालं काम.

खिशाची युक्ती मात्र मला पटत नाही. काही जण बेस वेटचा आकडा खाली आणायला पॉवर बँक, टॉर्च, चाकू सगळं अंगावरच्या जॅकेटच्या खिशात कोंबतात, मग ते 'अंगावर घातलेलं' धरलं जातं आणि यादीत बॅग हलकी दिसते. गुडघ्याला यादी वाचता येत नाही, त्याला सगळं मिळून किती ते कळतं. टायटॅनियमच्या चमच्याचं पण तसंच, लोकांना वाटतं टायटॅनियम म्हणजे सगळ्यात हलका धातू, तर तसं नाही, एक घन सेंटिमीटर अ‍ॅल्युमिनियम २.७ ग्रॅम आणि टायटॅनियम ४.५ ग्रॅम. त्याची ताकद जास्त म्हणून भांडं पातळ पत्र्याचं करता येतं, फायदा तिथं होतो. चमच्यात पंधरावीस ग्रॅम वाचवायला पाच-सातशे रुपये घालू नका. आपण हातानं खातो.

आता मोठ्या वस्तू. झोपायचं सामान, डोक्यावरचं छप्पर, आणि स्वतः बॅग. या तिन्हीत सगळ्यात जास्त वजन असतं म्हणून तिकडं पण यांना बिग थ्री म्हणतात.

चादरीबद्दल बोलताना मला जपून बोलावं लागतं कारण आमच्या घरात दोन पिढ्या लूमवर गेल्यात, आणि सोलापुरी चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही, ती चादर वीस वर्षं धुतली तरी विटत नाही. पण ती सुती आहे आणि घट्ट विणलेली जाड आहे, आणि टिकण्यासाठीचा तो जो गुण आहे तोच डोंगरात नडतो. ऊब येते ती कापडाच्या वजनातनं नाही, कापडात अडकून राहिलेल्या हवेतनं येते. सुती धागा दव पितो, घाम पितो, ओला झाला की हवा जाते आणि पाणी राहतं, मग पहाटे तीन वाजता तुम्ही ओल्या पावणेदोन किलोखाली कुडकुडत पडलेले असता. चादर घरी, परत आल्यावर आंघोळ करून पांघरायला. डोंगरात ऑक्टोबर ते मार्च आठशे-नऊशे ग्रॅमची सिंथेटिक स्लीपिंग बॅग पुष्कळ झाली, उन्हाळ्यात साधी फ्लीसची शाल. जानेवारीत हरिश्चंद्रगडावर राहणार असाल तर आत घालायला टोपी, मोजे आणि एक कोरडा स्वेटर जादा, तिथं कोकणकड्यावरनं वारा येतो तो ऐकत नाही कुणाचं.

यात अल्ट्रालाईटवाल्यांचं एक डोकं मला फार आवडलं. ते म्हणतात अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग काही ऊब देत नाही, कारण दबली की हवा गेली, मग खालचा भाग बाळगायचाच कशाला, म्हणून ते पाठ नसलेली रजई वापरतात आणि खालनं फक्त मॅट. आणि मॅट पण अख्खी नाही, खांद्यापासनं कमरेपर्यंत, पायाखाली रिकामी बॅग. मी माझी फोमची मॅट अशी कापली, साडेतीनशेची एकशेनव्वद झाली. ही कात्री मात्र कामाची. कापायच्या आधी घरी फरशीवर एक रात्र तिच्यावर झोपून बघा, कुशीवर झोपणारा असाल तर चार बोटं लांब ठेवा.

टेंटचं थोडक्यात सांगतो. सह्याद्रीत बहुतेक ट्रेकला टेंट लागत नाही, पायथ्याच्या गावात पडवी मिळते, जेवण पण मिळतं, आणि गडावर मुक्काम करायला परवानगी आहे का ते आधी गावात विचारूनच जावं. उघड्यावर राहायचंच असेल तर पाच-सहाशे ग्रॅमचा टार्प म्हणजे हलकी ताडपत्री, दोन काठ्या आणि दोरी. तिकडं डायनीमा नावाच्या कापडाचे टेंट असतात, हे कापड मुळात शर्यतीच्या शिडाच्या जहाजांच्या शिडासाठी आलं, अख्खा टेंट अर्ध्या किलोत बसतो पण किंमत ऐकली की आपल्या दोघातिघांच्या अख्ख्या सामानाचे पैसे होतात. नको.

बॅग सगळ्यात शेवटी घ्यायची. हे उलटं वाटतं पण लक्षात घ्या, आधी साठ लिटरची बॅग आणली की ती भरेपर्यंत हात थांबत नाही, जागा आहे म्हणून अजून एक टीशर्ट, जागा आहे म्हणून डंबेलएवढी पॉवर बँक. आधी सामान कमी करा, ते एका गोणीत भरून बघा किती होतंय, मग त्या मापाची बॅग. फ्रेमवाली मोठी सॅक रिकामीच दोन किलोची असते. आमच्या पूर्व भागात शाळेचे युनिफॉर्म शिवणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत, त्यातल्या एका अण्णांकडं मी पॅराशूटचं कापड घेऊन गेलो, म्हणलं अशी अशी पिशवी पाहिजे, पस्तीस लिटर, फ्रेम नको. त्यांनी कापड दोन बोटात चोळून बघितलं, उजेडाला धरलं, म्हणाले ह्याला बारीक सुई लागते, जाड सुईनं भोकं पडून टीप उसवते. मग माझा कागदावरचा नकाशा बघत बघत त्यांनी पेन्सिलनं एक एक खिसा खोडला, "ह्याच्यात काय ठेवतोय? आणि ह्याच्यात? मग हा कशाला?" असं करत सहा खिशांचे दोन राहिले. पट्टे जुन्या दप्तराचे काढून लावले, फोमसकट, आणि जिथं पट्टा बॅगेला लागतो तिथं आतनं जाड कॅनव्हासचा चौकोनी तुकडा ठेवून चौकोन आणि मधे फुली अशी टीप मारली, कारण ओझ्याचा सगळा ताण तिथंच येतो. चारशे ऐंशी ग्रॅम. तीन वर्षं झाली, त्या फुलीचा एक टाका सुटलेला नाही. त्याच्या आधी विकत घेतलेल्या एका बॅगेचा पट्टा दुसऱ्याच ट्रेकला उतरणीवर तुटला होता, बघितलं तर आत फक्त एकेरी टीप. म्हणून तुम्ही शिवून घ्या नाहीतर विकत घ्या, पट्ट्याच्या मुळाशी ती फुलीची टीप आहे का ते दुकानातच ओढून बघा. फ्रेम नसलेल्या बॅगेत मॅट घडी करून पाठीच्या बाजूला उभी घालायची, तीच फ्रेम होते, आणि सगळं मिळून आठ-नऊ किलोच्या वर भरायचं नाही, नाहीतर खांदे धरतात.

कपड्याचं गणित सोपं आहे, एक जोड अंगावर, एक जोड कोरडा प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, तो फक्त रात्री झोपताना. जीन्स अजिबात नाही, ओली झाली की वजन अजून वाढतं आणि मांड्या सोलतात. टर्किश टॉवेल आपल्याकडं भारी बनतो हे मान्य, पण तो चारशे ग्रॅमचा, आणि पंचा एकशेतीस. पंचा अंग पुसतो, उन्हात डोक्याला, ओला करून मानेवर, गरम भांडं धरायला, सामान बांधून काखोटीला मारायला, आणि दगडावर टाकला की अर्ध्या तासात वाळतो. तिकडं मायक्रोफायबर टॉवेल हजार रुपयाला घेतात लोक.

बुटाकडं फार कमी जण बघतात. पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं, कारण ते प्रत्येक पावलाला उचलून पुढं न्यावं लागतं, तिकडं म्हणच आहे की पायातला एक पाऊंड म्हणजे पाठीवरचे पाच. घोट्यापर्यंतचे चामडी बूट जोडीला दीड किलो असतात. हलके, चांगल्या ग्रिपचे, पाणी शिरलं तरी लगेच निघून जाणारे बूट घ्या, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर ग्रिप हीच सगळी मालमत्ता आहे, तिथं ग्रॅम बघू नका.

आता खाणं, आणि इथं आपल्याला शिकवायला कुणी यायची गरज नाही. अल्ट्रालाईटवाले खाणं कॅलरीत मोजतात, शंभर ग्रॅमला चारशेच्या वर कॅलरी असेल तर ते बॅगेत, नाहीतर घरी. का, तर ओल्या अन्नात पाणीच जास्त, शिजलेल्या भातात शंभर ग्रॅमला एकशेतीसच्या आसपास कॅलरी, बाकी सगळं पाणी उचलताय तुम्ही. आणि शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला ५६७. म्हणजे आपली शेंगाचटणी, उखळात कुटून तेल सुटलेली, हे जगातल्या कुठल्याही ट्रेकरचं आदर्श खाणं आहे आणि ती आपल्या मांडणीवर बरणीत बसलेली आहे. सोबत कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी पातळ, पाणी पूर्ण उडालेली, महिनाभर काही होत नाही तिला. ज्या कुणी बाईनं ही पहिल्यांदा भाजली तिला अल्ट्रालाईट शब्द माहीत नव्हता पण पाणी काढलं की वजन पण जातं आणि बुरशी पण येत नाही हे पक्कं माहीत होतं.

कडक भाकरी न्यायची पद्धत सांगतो. दोघांचा हिशोब म्हणजे दिवसाला आठ, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायच्या, मग त्या गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूला पुठ्ठा आणि वरनं रबर, आणि बॅगेत सगळ्यात वर, पाठीला लागून नाही. तरी मोडतातच थोड्या, मोडू देत, चुरा झालेली भाकरी वाटीत घ्या, गावात दही नाहीतर ताक मिळतंच, वरनं चटणी, पाच मिनिटं थांबा. तिकडं याला कोल्ड सोकिंग म्हणतात, स्टोव्ह न नेता डब्यात अन्न भिजवून थंडच खायचं, पीनट बटरच्या रिकाम्या बरणीत ते नूडल्स भिजवतात आणि दोन तास चालतात. आपल्याकडं पोहे आहेत जे दहा मिनिटात भिजतात, सातूचं पीठ आहे ज्याला फक्त पाणी आणि गूळ लागतो, शेंगापोळी आहे जी आठवडाभर टिकते आणि भिजवायची पण गरज नाही. स्टोव्ह, गॅसचा डबा, भांडं मिळून पाऊण-एक किलो होतं ते सगळं वाचलं. शिवाय रेल्वेत गॅस आणि पेट घेणारं सामान न्यायला बंदीच आहे, आणि आपण निम्मा प्रवास रेल्वेनं करतो. चहाची तलफ आली तर पायथ्याच्या घरात प्या, त्या मावशीचे पण दोन पैसे होतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, हे काही केलं तरी कमी होत नाही, आणि फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतली बरीच टाकी आटलेली नाहीतर हिरवी झालेली असतात. तीन लिटर माणशी, उन्हाळ्यात चार, सोबत ओआरएस. मे महिन्यात सोलापुरात पारा कधीकधी चव्वेचाळीसच्या पुढं जातो म्हणून आपल्याला ऊन सोसायची सवय आहे असं वाटतं, पण सावलीत बसून सोसणं वेगळं आणि ओझं घेऊन चढणं वेगळं. वजन वाचवायचंय तर बाटलीचं वाचवा, एक लिटरची स्टीलची बाटली साडेतीनशे ग्रॅम आणि साधी प्लॅस्टिकची पंचवीस. म्हणून तर तिकडचे महागडे टेंटवाले पण पाण्याच्या साध्या विकतच्या बाटल्या घेऊन फिरतात.

माझ्या आज्जीचं सांगायचं राहिलं. आज्जी आळंदी ते पंढरपूर वारी करायची, साधारण अडीचशे किलोमीटर, ऐन पावसाच्या दिवसात. एका वर्षी निघताना मी हट्टानं तिची पिशवी काट्याला लटकवली. एक जादाचं लुगडं, विटलेली साडी दुमडून हातानं शिवलेली एक पातळ वाकळ (सोलापुरी चादर नव्हे), प्लॅस्टिकचा कागद, तांब्या, बुक्क्याची डबी, हरिपाठ, सुई-दोरा, खोकल्याला ज्येष्ठमध. तीन किलो दोनशे. आता जेवण दिंडीत आणि मोठं सामान ट्रकमध्ये असतं, म्हणून आकड्याची सरळ तुलना करू नये, पण तो प्लॅस्टिकचा कागद मी नीट बघितला. पावसात डोक्यावरनं घ्यायचा, दुपारी बसायला, रात्री वाकळीखाली अंथरायला, आणि पेरूची खरेदी बांधायला. एका वस्तूची चार कामं. पुढं मी एम्मा गेटवूडबद्दल वाचलं, अकरा मुलांची आई, १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी अख्खी अ‍ॅपलॅशियन ट्रेल एकटी चालली, पायात कापडी बूट, खांद्यावर डेनिमची हातानं शिवलेली पिशवी, आणि पावसाला बाथरूमचा प्लॅस्टिकचा पडदा. मला पडद्याचं वाचल्या वाचल्या आज्जीचा कागद दिसला. दोघींची गाठ पडायला पाहिजे होती असं फार वाटतं.

पण आज्जीच्या पिशवीतनं ज्येष्ठमध कुणी काढला असता तर तिनं हातावर मारलं असतं, आणि हा भाग नीट वाचा. हलकं करायच्या नादात लागणारीच वस्तू सोडून देणं, याला तिकडच्या लोकांनीच स्टुपिड लाईट असं नाव ठेवलंय. ब्रश कापणाऱ्या आमच्या त्याच मित्रानं ऑगस्टमध्ये तोरण्याला पाँचो, म्हणजे डोक्यावरनं घालायचा सैल रेनकोट, आणला नाही, अडीचशे ग्रॅम वाचले म्हणाला. वर पोचेपर्यंत धुकं, वारा, पाऊस, तासाभरात त्याचे ओठ निळे, बोटाला चेन लागेना, बोलायला लागला ते अर्धवट. बर्फ नसला तरी असं होतं, वीस डिग्रीला पण ओला माणूस वाऱ्यात गार पडतो. आम्ही त्याचे ओले कपडे काढले, माझा झोपायचा कोरडा जोड घातला, डोक्याला पंचा, मधे बसवून बाजूनं सगळे चिकटून बसलो आणि गूळ-शेंगदाणे चारले, चाळीस मिनिटांनी पोरगं नीट बोलायला लागलं. तो आज पण पाँचो घडी करून सगळ्यात वर ठेवतो. म्हणून पावसाचा कोट, कोरडा जोड, हेडटॉर्च जादा सेलसकट, क्रेप बँडेज आणि औषधं, शिट्टी, चार्ज असलेला मोबाईल आणि आधीच डाउनलोड केलेला नकाशा, यांच्या वजनाकडं बघायचंच नाही. रेंज असली तर मदतीचा ११२ नंबर लागतो.

निघायच्या आधी दोन-तीन रविवार पहाटे भरलेली बॅग घेऊन कंबर तलावाला चकरा मारा, ओळखीचे विचारतील काय बे कुठं निघाला, सांगा. बॅग कुठं घासते, पट्टा कुठं सरकतो, हे गावातच कळलेलं बरं, आणि चढ पाहिजे तर एखाद्या उंच इमारतीचा जिना आहेच.

परत आल्यावर बॅग तशीच कोपऱ्यात टाकू नका. त्याच सतरंजीवर सगळं ओता आणि तीन ढीग करा, रोज वापरलं ते, एकदा वापरलं ते, हात पण लावला नाही ते. तिसऱ्या ढिगातनं औषधं आणि पावसाचा कोट उचलून परत बॅगेत, बाकीचा ढीग पुढच्या वेळी घरी. हे तीन-चार ट्रेक करत गेलो तर साडेनऊचा आकडा सव्वातीनवर आला, आणि त्यात विकत घेतलेल्या नव्या वस्तू दोनच, स्लीपिंग बॅग आणि हेडटॉर्च. यादी वहीत पेन्सिलनं लिहा, पेननं नको, दर वेळी खोडावी लागते.